पंखा बंद करा आणि आजोबांना बोलू द्या

मागच्या अंकात रेडिओ डॉक्युमेंटरी कशी करतात यावर लिहिलं होतं, त्यात गिरणगावातल्या जुन्या कामगारांची आम्ही जी रेकॉर्डिंग केली त्याबद्दल जेमतेम चार ओळी होत्या. पण बहुतेक पत्रं त्या चार ओळींवरच आलीत. लालबाग-परळमधून कमी आलीत, डोंबिवली, विरार, नालासोपारा आणि साताऱ्या-सांगलीकडून जास्त, म्हणजे गिरणगावातली माणसं आता जिथे जाऊन राहिलीत तिथून. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिणं जमत नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. आता ८१ वर्षांचे आहेत. मोबाईलवर दोनदा रेकॉर्ड करायला बसले पण "आजोबा, गिरणीबद्दल सांगा ना" म्हटलं की ते "होती गिरणी, संप झाला, बंद पडली" एवढं बोलून गप्प. माझं काय चुकतंय? – एक नात, डोंबिवली

चुकत काहीच नाहीये गं, प्रश्न फक्त फार मोठा पडतोय. "गिरणीबद्दल सांगा" म्हटलं की माणसाला वाटतं आता काहीतरी महत्त्वाचं बोलायला पाहिजे, मग तो पेपरात वाचलेलं, भाषणात ऐकलेलं तेवढंच दोन वाक्यात सांगून मोकळा होतो. त्यांना लहान विचार. इतकं लहान की त्याचं उत्तर फक्त त्यांच्याकडेच असेल. पहिल्यांदा गिरणीच्या गेटवर कोण घेऊन गेलं, मामा की भावकीतलं कोणी? बदली कामगार होता तेव्हा रोज सकाळी गेटवर उभं राहायचात, मग ज्या दिवशी काम मिळायचं नाही त्या दिवशी दुपारपर्यंत कुठे बसायचात? गाळ्यात किती जण होतात, तुमची ट्रंक कुठल्या कोपऱ्यात, रातपाळीवाला झोपायला आला की तुम्ही वळकटी उचलून कुठे जायचात? गावाहून पाहुणा आला तर खानावळीत त्याचं ताट कोणाच्या नावावर लागायचं?

काळाचौकीच्या एका चाळीत मी एका साचेवाल्या काकांकडे गेले होते, त्यांनीही असंच दोन मिनिटात उरकलं. निघता निघता सहज विचारलं, काका, साचा चालू असताना धागा तुटला तर काय करायचं? ते काही बोलले नाहीत पण हात उचलले. डाव्या हाताने साचा थांबवला, म्हणजे हवेतच, मग उजव्या हाताची दोन बोटं पुढे गेली, टोक शोधलं, ओवलं, गाठ मारली आणि उरलेला धागा अंगठ्याच्या नखाने तोडला. तीस वर्षांत साच्याला हात लागला नव्हता त्यांचा. पण रेडिओवर हात दिसत नाहीत ना, म्हणून मी म्हटलं काका परत करा, पण हात काय करतायत ते तोंडाने सांगत सांगत करा. तिथून जे सुरू झालं ते पावणेदोन तास. गाठ कोणी शिकवली इथपासून निघाले आणि ज्याने शिकवली तो संपानंतर गावाला गेला तो परत कधी दिसलाच नाही इथपर्यंत आले. म्हणून तूही आजोबांना हातांबद्दल विचार, कामाचं सांगताना माणूस खोटं बोलत नाही आणि लाजत पण नाही.

आता मशीनचं. मोबाईल चालेल, वेगळा रेकॉर्डर घेण्यासाठी थांबू नकोस, ८१ वय आहे. फोन एरोप्लेन मोडवर टाक, तोंडापासून एक वीत अंतरावर ठेव, खाली टॉवेलची घडी ठेव म्हणजे टेबलाचा आवाज येणार नाही. सेटिंगमध्ये वेव्ह फाईलचा पर्याय असेल तर तो घे. कानात हेडफोन घालून पाच मिनिटाचं टेस्ट रेकॉर्डिंग ऐक. पंखा बंद, फ्रिज बंद (घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेव, म्हणजे परत चालू करायचा राहणार नाही). हॉलपेक्षा गाद्या आणि कपड्यांचं कपाट असलेली खोली बरी, आवाज घुमत नाही. आणि बोलून झालं की सगळ्यांनी एक मिनिट गप्प बसायचं आणि त्या शांततेचंही रेकॉर्डिंग करायचं, एडिटिंगच्या वेळी दोन तुकडे जोडताना हाच खोलीचा आवाज मध्ये भरावा लागतो नाहीतर प्रत्येक जोड कानाला टोचतो.

एक गोष्ट होईल, आजोबा खूप मोठ्याने बोलतील. साचेखात्यात शेकडो साचे एकदम चालायचे, शेजारच्या माणसाला सांगायचं तरी ओरडून नाहीतर खुणेने, त्यात वर्षानुवर्षं काम करून कित्येकांचे कान गेलेत आणि आवाज चढलेलाच राहिलाय. रेकॉर्डिंगची लेव्हल कमी ठेव, हवं तर फोन थोडा लांब कर, पण नंतर सॉफ्टवेअरमध्ये तो आवाज गोड-बारीक करत बसू नकोस. गिरणी कशी होती हे त्या चढलेल्या आवाजात जेवढं कळतं तेवढं निवेदकाच्या पानभर मजकुरात कळत नाही.

आणि त्याच रात्री फाईलच्या दोन कॉप्या, दोन वेगळ्या ठिकाणी. माझं एक दोन तासांचं रेकॉर्डिंग असं गेलंय, कार्ड खराब झालं, म्हटलं जाऊन परत घेऊ, आणि चार महिन्यांनी ते गृहस्थच गेले. माझ्याकडे आता फक्त वहीची तीन पानं आहेत. याचं मला आजही वाईट वाटतं.

डॉक्युमेंटरीची सुरुवात गिरणीच्या भोंग्याने करायची आहे. नेटवर सायरनचे भरपूर आवाज मिळतात, त्यातला कुठलाही लावला तर चालेल का? ऐकणाऱ्याला काय कळणार आहे? – विरार

कळतं हो. ज्यांनी तो भोंगा ऐकलाय ती माणसं अजून आहेत आणि आपण डॉक्युमेंटरी करतोय ती त्यांचीच आहे. युद्धाच्या सिनेमातला सायरन लावलात तर पहिल्याच मिनिटाला एखाद्या आजी म्हणतील "हा आमचा नाय" आणि मग पुढचं सगळं त्या संशयाने ऐकतील.

खरा मिळाला नाही तर भोंगा माणसांच्या तोंडून वाजवा. पाच-सात जणांना विचारा, तुमच्या गिरणीचा भोंगा कसा होता, आवाज काढून दाखवा. प्रत्येक जण वेगळा काढतो, कोणी जाड, कोणी लांब ओढून, आणि बायका सांगतात की पहिल्या भोंग्याला चूल पेटवायची, दुसऱ्याला डबा बांधून तयार पाहिजे. एकामागे एक ते आवाज जोडा, कुठल्याही सायरनपेक्षा चांगली सुरुवात होईल.

साच्यांचा आवाज मात्र खरा मिळतो. धोट्याचे (शटलचे) जुने माग भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीला आजही खडखडतायत, तिथे परवानगी काढून रेकॉर्ड करा. पण तो आवाज परळच्या गिरणीचा म्हणून खपवू नका, निवेदनात सरळ सांगा की हा भिवंडीचा आहे. संपाच्या काळात गिरणीमालकांनी बाहेर पॉवरलूमवर कापड विणून घेतलं, त्यात भिवंडीचा वाटा मोठा होता, त्यामुळे भिवंडीची खडखड हा आपल्याच गोष्टीतला एक भाग आहे. ते सांगून वापरलंत तर तो आवाज गोष्टीत भर घालतो, लपवून वापरलात तर संपकऱ्यांवर अन्याय होतो.

वडील ठामपणे सांगतात की डॉक्टर सामंतांचा खून झाला आणि म्हणून संप फुटला. मी शोधलं तर संप १९८२ चा आणि खून १९९७ चा. हा भाग कापून टाकू का? – नालासोपारा

कापू नका! तुमच्या सगळ्या रेकॉर्डिंगमधला हा सगळ्यात मोलाचा भाग असू शकतो.

तारखा तुमच्या बरोबर आहेत. संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, साधारण अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि संपाचे नेते दत्ता सामंत यांच्यावर पवईत गोळ्या झाडल्या गेल्या १६ जानेवारी १९९७ ला. मध्ये पंधरा वर्षं. मग वडील असं का सांगतात, हा प्रश्न त्या दोन तारखांपेक्षा मोठा आहे.

इटलीत तेर्नी नावाचं पोलादाच्या कारखान्यांचं गाव आहे. तिथे १७ मार्च १९४९ ला लुईजी त्रास्तुल्ली नावाचा एकवीस वर्षांचा कामगार पोलिसांशी झालेल्या झटापटीत मारला गेला, इटलीने नेटोत जाऊ नये म्हणून कामगार कारखान्यातून बाहेर पडले होते त्या दिवशी. पुढे अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या इतिहासकाराने गावातल्या म्हाताऱ्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या तर बरेच जण सांगायला लागले की तो मेला १९५३ मध्ये, दोन हजारांवर लोकांना कामावरून काढलं आणि रस्त्यावर मारामाऱ्या झाल्या तेव्हा. सगळ्यांची आठवण एकाच दिशेने चुकलेली! पोर्तेल्लीने ती चूक म्हणून फेकली नाही. तो म्हणाला की गावाच्या दृष्टीने खरी मोठी जखम म्हणजे ती नोकरकपात होती, आणि आपल्या पोराच्या मरणाला त्या जखमेएवढा अर्थ मिळावा म्हणून लोकांनी ते मरण उचलून तिथे नेऊन ठेवलं.

आता वडिलांचं बघा. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. कोणी सभा घेऊन "आता संपला" म्हटलं नाही. काही जण हळूहळू कामावर गेले, काही गावाला गेले, बऱ्याच जणांना परत घेतलंच नाही, गिरण्या एकेक करत बंद पडत गेल्या. मग वडिलांच्या दृष्टीने तो कधी संपला? त्यांच्या मनात तो १९९७ पर्यंत चालूच होता असं म्हटलं तर त्यात खोटं काय आहे? त्यात दोन्ही गोष्टी जानेवारीतल्या, सोळा आणि अठरा, दोन दिवसांचं अंतर.

रेडिओवर हे कसं करायचं तर वडिलांचं वाक्य पूर्ण वाजू द्या. नंतर दोन सेकंद काही नाही. मग निवेदकाने कोणाची चूक दाखवतोय असा सूर न लावता दोन तारखा सांगायच्या, आणि संप मागे घेतला गेला नाही हे एका वाक्यात. लगेच परत वडिलांकडे. पण त्याआधी त्यांच्याकडे एकदा जा आणि विचारा, तुमच्यासाठी संप कुठल्या दिवशी संपला? हा प्रश्न मी आजवर ज्यांना ज्यांना विचारला त्यातल्या कोणा दोघांनी एकच तारीख दिली नाही. एकाने मंगळसूत्र गहाण टाकलं तो दिवस सांगितला, एकाने पोराची शाळा सुटली तो.

आजोबा तीस वर्षं मुंबईला गिरणीत आणि आजी पाटणजवळच्या गावात. आजोबा गेले. आजीला रेकॉर्ड करायला गेलो तर म्हणते, "मला अडाणीला काय इचारतोस, मी कुटं गिरणी बघितली?" तिच्यावर डॉक्युमेंटरी होईल एवढं मटेरियल असेल का?

अहो, अर्धी गिरणी तिच्या जिवावर चालली. शेत, गुरं, सासू-सासरे, पोरं सगळं तिने बघितलं म्हणून तुमचे आजोबा एका वळकटीच्या जागेत तीस वर्षं काढू शकले आणि मालकांना कमी पगारात कामगार मिळत राहिला. तिने गिरणी बघितली नाही हीच तर गोष्ट आहे! मनीऑर्डर यायची तर कुपनावरच्या दोन ओळी कोण वाचून दाखवायचं, पोस्टमन का शाळेतलं पोरगं? मग मनातलं परत कसं कळवायचं, तिसऱ्या माणसाकडून लिहून घेताना काय गाळायची? आणि १९८२ ला नवरा गावाला येऊन राहिला, एरवीसारखा गणपतीचे चार दिवस नाही तर महिनोन्‌महिने घरात, ते वर्ष कसं गेलं? हे विचारून गप्प बसा. घाई करून पुढचा प्रश्न टाकू नका, ती गप्प झाली तरी मशीन चालू राहू दे.

जात्यावरच्या ओव्यांबद्दल नक्की विचारा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, म्हणजे "मला काही सांगता येत नाही" म्हणणाऱ्या बायकांकडे केवढा साठा होता बघा. आजीला समोर खुर्चीवर बसवू नका. शेंगा फोडत, डाळ निवडत बोलू द्या, फक्त तो कचकच आवाज बोलण्यावर चढणार नाही एवढा माईक तोंडाशी असू द्या. आणि तिची बोली निवेदनातसुद्धा "सुधारू" नका. ती "इचारतोस" म्हणते तर तेच.

ज्या बायका मुंबईला आल्या त्यांचंही असंच आहे, गिरणगावातल्या खानावळवाल्या. दहा-वीस जणांचं दोन वेळचं जेवण एका खोलीत करायचं आणि सावकाराचं व्याज भरायचं. त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तुमच्या गावातली कोणी खानावळ चालवत होती का ते आजीलाच माहीत असेल.

मी शाहिरी करतो. निवेदनाऐवजी पोवाडा वापरला तर रेडिओवर चालेल का? आणि अण्णाभाऊंची जुनी रेकॉर्ड वाजवायला परवानगी लागते का? – सांगली जिल्हा

चालेल काय, जरूर करा. आपल्याकडे १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं तेव्हा गिरणगावच्या मैदानात लोक रात्र रात्र जागून ऐकत होतेच. आणि रेडिओवर हा प्रयोग बीबीसीने केलेला आहे. चार्ल्स पार्कर हा निर्माता, युअन मॅकॉल आणि पेगी सीगर हे गाणारे. जॉन अ‍ॅक्सन नावाचा इंजिन ड्रायव्हर होता, फेब्रुवारी १९५७ मध्ये वाफेचा पाईप फुटून ब्रेक गेला, तरी भाजत असताना तो इंजिनावरून उतरला नाही आणि टक्कर होऊन गेला. त्याच्यावर कार्यक्रम करायचा म्हणून हे लोक टेपरेकॉर्डर घेऊन रेल्वे कामगारांना भेटले. आधीचा बेत असा की हे ऐकून स्क्रिप्ट लिहायची आणि नट ते बोलतील, तेव्हा रेडिओवर तीच पद्धत. पण टेप ऐकल्यावर लक्षात आलं की त्या माणसांसारखं दुसरं कोणी बोलूच शकणार नाही. मग त्यांचेच आवाज ठेवले आणि मधली गोष्ट गाण्यांनी पुढे नेली, निवेदक नाहीच. २ जुलै १९५८ ला ते प्रसारित झालं, आणि १९६४ पर्यंत मच्छीमार, खाणकामगार वगैरेंवर असे एकूण आठ कार्यक्रम झाले.

तुम्हाला त्यातून घ्यायची गोष्ट म्हणजे आधी ऐका, मग रचा. कामगारांच्या बोलण्यातला शब्द, त्यांचा श्वास जिथे तुटतो ती लय पोवाड्यात आली पाहिजे. आधीच रचलेला तयार पोवाडा मुलाखतींच्या मध्ये मध्ये चिकटवला तर तो उपरा वाटेल.

परवानगी लागते. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, आणि शब्दांचा-चालीचा हक्क वेगळा, तो रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे रेकॉर्ड जुनी होऊन मोकळी झाली तरी शब्द मोकळे असतीलच असं नाही. अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ मध्ये गेले, त्यामुळे २०२९ संपेपर्यंत वारसांना किंवा हक्क ज्याच्याकडे आहेत त्यांना विचारूनच वापरा. तुम्ही स्वतः रचता, मग अडचणच नाही.

आमचे काका संपाच्या काळात कामावर परत गेले होते. घरात हा विषय कोणी काढत नाही. ते माझ्याजवळ एकदा सगळं बोलले, रेकॉर्डिंगही झालं, आणि शेवटी म्हणाले "हे कुठे लावू नको". एवढं जबरदस्त बोललेत की सोडवत नाही. आवाज बदलून वापरू का?

नाही. ते "लावू नको" म्हणालेत, विषय तिथे संपला. चाळीतले लोक बोलायच्या लकबीवरून माणूस ओळखतात, आवाज बदलून काही लपत नाही, आणि ज्यांच्या दारावर तेव्हा "फुटीर" म्हणून लोक जमले होते त्यांच्या दारावर चाळीस वर्षांनी परत आपण जाऊ नये.

पण रेकॉर्डिंग पुसूही नका. काकांना विचारा की हे जपून ठेवू का, तुमच्या पश्चात लावलं तर चालेल का, काही भाग तरी चालेल का. काय ठरलं ते त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा, तारखेसकट. आणि ते का परत गेले, आजारी पोर, कर्ज, जॉबरचा (मुकादमाचा) दबाव, काय असेल ते, त्याच कारणाने गेलेला आणि उघड बोलायला तयार असलेला दुसरा कोणी मिळतो का बघा. असे लोक आहेत, त्यांना आजवर कोणी विचारलेलं नाही. संपावर डॉक्युमेंटरी करताना फक्त टिकलेल्यांचे आवाज घेतले तर गोष्ट अर्धीच राहते.

करून तर झालं, आता लावायचं कुठे? किती मिनिटांचं असावं? – तीन-चार पत्रं

आकाशवाणीच्या जवळच्या केंद्रावर कार्यक्रम विभागात जाऊन भेटा, तिथे याला रूपक म्हणतात, अर्ध्या तासात बसणारं असेल तर त्यांना सोपं जातं. कम्युनिटी रेडिओ जवळ असेल तर फारच छान, म्हसवडचं माणदेशी तरंग आहे, पुणे विद्यापीठाचं विद्यावाणी आहे. त्यांना निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर बनवलेला लागतो म्हणून ते नव्या माणसाचं ऐकून घेतात. स्वतःच्या बातम्या द्यायला त्यांना परवानगी नाही पण इतिहास म्हणजे बातमी नाही, जाताना स्क्रिप्ट बरोबर न्या. पॉडकास्ट म्हणून टाकायला तर कोणी अडवत नाही.

एक तासाच्या मुलाखतीतून चार-पाच मिनिटं निघाली तरी खूप झालं. लिहून काढायला एका तासाला पाच-सहा तास लागतात, ते स्वतः करा, दुसऱ्याला देऊ नका, कारण कुठे घसा दाटला आणि कुठे माणूस हसला ते लिहिताना कळतं. आणि न वापरलेलं पंचावन्न मिनिटांचं रेकॉर्डिंग फाईलला नाव, गाव, खातं, तारीख घालून ठेवून द्या.

पुढच्या अंकासाठी पत्रं पाठवताना तुमच्या माणसाने कुठल्या खात्यात काम केलं ते लिहा, त्रासनखात्यातल्या (गिरणीतलं सुताचं एक खातं) बायकांबद्दल मला अजून एकही पत्र आलेलं नाही.